तोंडाचा वास घेणारा मास्तर

दिवाळी अंकाचे संपादक दरवर्षी मला एकच विषय देतात. सकाळी किती पळावं, पळण्याआधी काय खावं, गुडघा दुखला तर काय करावं. मीही दरवर्षी लिहून देतो. वाचकांची पत्रं येतात, त्यांना उत्तरं लिहितो, बरं वाटतं. पण जे लिहायला हवं होतं ते मी टाळत आलो. तीनदा सुरुवात केली आणि तीनदा कागद फाडले. एकदा बायकोनं विचारलं, "कोणाला पत्र लिहिता एवढं?" मी म्हणालो, "गुडघ्यांवर लेख आहे." ती आता नाही. ज्याच्याबद्दल लिहायचं तोही आता नाही. मग टाळायचं कोणासाठी?

ऐंशीच्या दशकात मी एटापल्लीच्या बाजूला एका गावात शाळेत पीटी मास्तर होतो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथून सूरजागडचे डोंगर दिसायचे, आणि रस्ता म्हणजे नाक्यापासून नाल्याच्या पुलापर्यंतचा एकच. सकाळी सहाला मी त्या रस्त्यावर मोठ्या माणसांना पळायला शिकवायचो. पगार नव्हता, कुणी सांगितलंही नव्हतं. पुण्याच्या एका शिबिराला जाऊन आलो होतो, तिथून सायक्लोस्टाईल केलेली बारा पानं आणि भरपूर रुबाब घेऊन आलो होतो.

काम तसं साधं. नव्या माणसाला वाटतं पळणं म्हणजे जोर लावणं. मी त्याला आधी हळू पळायला लावायचो. शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, एवढ्याच वेगानं. बोलता बोलता धाप लागली की वेग जास्त झाला. एक दिवस लांब पळायचं, दुसऱ्या दिवशी थोडं, आठवड्यातून एकदा अजिबात नाही. अंतर हळूहळू वाढवायचं. हे ऐकायला सोपं आहे, पण माणसं ऐकत नाहीत. पहिल्या दिवशी पुलापर्यंत धावत जातात आणि पुढचे चार दिवस जिना चढताना भिंत धरतात.

माणसं ऐकत नाहीत, म्हणून मी त्यांच्यावर पाळत ठेवायचो. हा माझा स्वभाव म्हणा. पुलावर एक माणूस बसवून त्याच्याकडून प्रत्येकाला सहीची चिठ्ठी द्यायची, म्हणजे कोणी मध्येच झाडाखाली बसून परत येणार नाही. चिठ्ठी घडी करून आणली की ओली आहे का बघायचो. घाम नसेल तर चिठ्ठी उसनी आहे असं मी धरायचो.

दुसरी गोष्ट वही. शिबिराच्या पानांवर खेळाडूचा आहार दिला होता: दूध, दोन अंडी, केळी, मध, सफरचंद. मी प्रत्येकाला वही दिली आणि रोजचं खाणं लिहून आणायला सांगितलं. आमचे शिंपी रहीमभाई वजन कमी करायला यायचे. त्यांच्या वहीत रोज सफरचंद. आख्ख्या बाजारात तेव्हा सफरचंद दिसत नव्हतं.

"रहीमभाई, कुठून आणता?"

"सर, भांजा है ना चंद्रपूरले. भेजता है."

"रोज?"

"रोज का एकच, सर. लहान असते."

मला खोटं कळत होतं, पण रहीमभाई शाळेच्या खेळाडूंच्या चड्ड्या फुकट शिवून द्यायचे, म्हणून मी हसून सोडायचो. हे इथं लिहून ठेवतो, कारण पुढं एकाचं खोटं मी सोडलं नाही.

तिसरी गोष्ट वासाची रांग. पळण्याआधी सगळ्यांना ओळीत उभं करायचं आणि प्रत्येकानं माझ्या तोंडासमोर श्वास सोडायचा. मोहाची दारू त्या भागात घरोघरी निघायची, आणि रात्री प्यायलेला माणूस सकाळी पळाला तर चक्कर येऊन पडायचा, हे मी पाहिलं होतं. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. माझा जन्म घुग्घुसच्या बाजूच्या वस्तीतला. बाबा कोळशाच्या खाणीत होते. पगाराच्या दिवशी माय दारात उभी राहायची, बाबाला आत घेण्याआधी तोंडाचा वास घ्यायची आणि वास आला की दार लावून घ्यायची. आम्ही भावंडं आतून बाबाच्या शिव्या ऐकायचो. आमच्या वस्तीत विहार होता, पंचशील रोज म्हटलं जायचं, आणि बाबा दाराबाहेर पडलेले असायचे. मी ते दार पुढं तीस वर्षं सोबत घेऊन फिरलो. हेडमास्तरांनी शाळेच्या प्रार्थनेत माझ्या रांगेचं कौतुक केलं, तेव्हा तर ती माझी ओळखच झाली. गावात मला कोणी आडनावानं ओळखत नव्हतं. तोंडाचा वास घेणारा मास्तर, म्हणत.

चैतू मडावी या रांगेत चौथा उभा राहायचा. लाकडाच्या डेपोत रोजंदारीवर ओंडके उचलायचा. वय बावीस-तेवीस, बारीक, अनवाणी. चौथीपर्यंत शिकलेला. तो पळायला लागला की पायाचा आवाज यायचा नाही. पहिल्या महिन्यातच तो सगळ्यांच्या आधी पुलावरून परत यायला लागला, चिठ्ठी हातात, चिठ्ठी ओली. मला आनंद व्हायला हवा होता. मला संशय आला.

जंगलातला माणूस, त्याला आडवाटा ठाऊक असणार, पुलाजवळचा माणूस त्याचा नातेवाईक असणार, असं माझं गणित. एका सकाळी मी सायकल घेऊन लपत लपत त्याच्या मागं गेलो. अर्ध्या वाटेवर सायकलची चेन खडखडून उतरली. चैतू थांबला, वळला आणि धावत परत आला. काही न विचारता खाली बसून चेन चढवली, हात गवताला पुसले.

"गुरुजी, मागून काऊन येऊन राह्यले? पुढं राहा. ही वाघाची जागा हाय."

मी म्हणालो, "व्यायाम करतोय."

"बरं हाय. मंग हळू चालवा, मी सोबत पळतो."

आणि पुलापर्यंत तो माझ्या सायकलच्या बाजूनं, जंगलाकडच्या अंगानं पळाला. मी त्याला पकडायला गेलो होतो आणि तो मला राखत होता. तेव्हाही माझ्या डोक्यात एवढंच आलं: आज मी दिसलो म्हणून सरळ पळतोय.

त्या वर्षी जिल्ह्याच्या निवड शर्यतीसाठी तालुक्यामार्फत आमच्या गावातून चार माणसं पाठवायची होती. जिल्ह्याला पळाल्याचं प्रमाणपत्र असलं की वनरक्षकाच्या भरतीत त्याचा विचार व्हायचा. चैतूला ते हवं होतं. तसं त्यानं एकदाच बोलून दाखवलं होतं: "रोजचं काम पावसाळ्यात बंद राहते, गुरुजी. गार्ड झालो तं बाराही महिने." मी त्याचं नाव पहिलं लिहिलं. राखीव म्हणून सुधाकर, ग्रामसेवकाचा पोरगा, चांगला मेहनती.

नाव लिहिल्यावर माझं पाळत ठेवणं वाढलं. माझा माणूस जिल्ह्यात फजिती करू नये, असं मी स्वतःला सांगायचो. चैतूच्या वहीत रोज तेच: दूध, अंडी. अक्षर मोठं, एकसारखं. मी गावातल्या दूधवाल्याला विचारलं, "मडावीकडे किती दूध घालता?"

"कोन मडावी? डेपोतला? एक थेंब नाई."

मी वहीतल्या प्रत्येक 'दूध'खाली लाल पेन्सिलीनं रेघ मारली. त्या रेघा ओढताना मला फार बरं वाटलं होतं, हेही लिहायला हवं.

निघायच्या दिवशी एस.टी. दहाची होती. सकाळी नाक्यावर नेहमीसारखी रांग. चैतूनं श्वास सोडला आणि मी मागं सरकलो.

"काय घेतलंस?"

"काई नाई, गुरुजी."

"मोहाचा वास येतोय."

"येईलच नं. खाल्लाय."

"काय केलंय?"

"पेलो नाई, खाल्ला. बहिणीनं देल्ला. लांब जाचं हाय म्हणून आज पळाच्या आधीच."

कोणीतरी हसलं. मला वाटलं, मला हसले. सुधाकर रांगेतून म्हणाला, "सर, दारूचा वास आंबट असते. हा गोडसर हाय."

"तू वकील आहेस का त्याचा?" मी म्हणालो. आणि पिशवीतून चैतूची वही काढली. "काल काय खाल्लंस? वाच. मोठ्यानं."

त्यानं वाचलं, "दूध. अंडी."

"दूध कुठून आणलं?"

त्यानं वही मिटली. रहीमभाई पायातल्या वहाणेची पट्टी नीट करत होते.

"वहीत खोटं लिहिणारा तोंडानं खरं बोलेल?" मी म्हणालो. "जा घरी. सुधाकर, सामान घेऊन ये."

"गुरुजी, पळवून तं पाहा मले. पेलेला माणूस पळन का?" एवढंच चैतू म्हणाला. मी घड्याळाकडे बघितलं. तो गेला.

तालुक्याला द्यायच्या यादीत नाव बदललं की कारण लिहावं लागे. शेवटच्या रकान्यात 'आजारी' लिहिलं असतं तरी कोणी विचारलं नसतं. मी 'मद्यपान' असं लिहिलं, चांगल्या अक्षरात, आणि खाली सही केली.

सुधाकर जिल्ह्याला बरा पळाला. प्रमाणपत्र घेऊन आला. आठवड्यानं मी चड्ड्यांचं माप सांगायला रहीमभाईंच्या दुकानात गेलो. ते मशीनवर होते. मान वर न करता म्हणाले, "सर, ते वही बंद करा आता. और सेब नहीं खाया जाता."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"सगळेच खोटं लिहीत होतो, सर. आमच्या घरी ज्वारी अन् डाळ. कधी गोश्त. सफरचंद मी लगनात पाह्यलं होतं. चैतूनं मलेच विचारलं, भाऊ काय लिवू? मीच बोललो, दूध लिव, अंडा लिव, सर खूश होते." मशीन थांबलं. "मंग त्याले एकट्यालेच काऊन काढलं?"

"त्याच्या तोंडाला वास होता."

"तो तं रोजच असते, सर, डेपोत जाताना. त्याच्या घरचं खाणंच ते हाय."

रविवारी दुपारी मी चैतूच्या टोल्यावर, म्हणजे त्याच्या वस्तीवर, गेलो. तो डेपोत होता. त्याची मोठी बहीण रुक्मीबाई अंगणात उखळाशी बसली होती. मी ओळख सांगायच्या आधीच तिनं ओळखलं.

"वासवाले मास्तर नं तुमी? या. बसा."

खाट टाकली, पाणी दिलं. मग पुन्हा उखळाशी बसली. उखळात वाळलेली मोहफुलं होती, मनुकांसारखी तपकिरी, धुऊन वाफवलेली. त्यात भाजलेले जवस टाकून ती कुटत होती. कुटलेल्याचा हातावर लाडू वळायची. सगळ्या अंगणात तोच वास होता, आणि दारूचा वास मला इतका ठाऊक असूनही मी मान्य करतो की तो दारूचा नव्हता. भाजलेल्या, गोड, जरा उग्र अशा खाण्याचा होता.

"चैतू दोन खाते पळून आल्यावर, दोन कमरेले बांधून नेते," ती म्हणाली. "दिवसभर ओंडके उचलते. याच्यावरच."

"मग वहीत दूध का लिहिलं त्यानं?"

तिनं मुसळ बाजूला ठेवलं. "आमच्यात गाईचं दूध काढत नाई, मास्तर. ते वासराचं असते. त्याले मालूम नव्हतं का आपून खोटं लिवून राह्यलो? माझ्याजवळ येऊन बोलला, बाई, मोह लिवला तं हसतीन. म्हणून दूध लिवलं. तुमीच लिवाले लावलं नं?"

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"तुमी वास घेतला," ती म्हणाली, "चाखून तं नाई पाह्यलं." आणि एक लाडू माझ्या हातावर ठेवला.

मी खाल्ला. चांगला होता. पोटात जड झाला नाही आणि घरापर्यंतच्या तासाभराच्या चालीत भूक लागली नाही. शिबिराच्या बारा पानांत असं काही नव्हतं. घरी पोचलो तर बायको दारात. जवळ आली, थबकली. "काय घेतलं तुम्ही?"

"मोहाचा लाडू खाल्ला. प्यालो नाही, खाल्ला."

"बाई! मला वाटलं..." आणि हसायला लागली. "हात धुवा, जेवायला वाढते."

तिनं विश्वास ठेवला. एका वाक्यावर, लगेच. चैतूनं तेच वाक्य मला सांगितलं होतं.

त्याच संध्याकाळी मी तालुक्याच्या नावानं पत्र लिहिलं: शेरा चुकीचा आहे, रद्द करावा. ते पाकिटात घातलं, पत्ता लिहिला. दुसऱ्या दिवशी टाकू म्हटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, हेडमास्तर विचारतील. मग वाटलं, सुधाकरच्या प्रमाणपत्राला धक्का लागेल, त्याचा काय दोष? हे दुसरं कारण ऐकायला चांगलं होतं म्हणून मी तेच धरून बसलो. खरं कारण पहिलंच होतं. रांगेत उभं करून माणसांचा वास घेणाऱ्या मास्तराला वासच ओळखता येत नाही, हे मला गावाला सांगायचं नव्हतं. पत्र कपाटात राहिलं. बदली झाली तेव्हा कपाट आवरताना जाळलं.

भरती झाली. सुधाकर वनरक्षक झाला, चांगली नोकरी केली, आजही दिवाळीला पाया पडायला येतो आणि मला त्याच्या डोळ्यांकडे बघवत नाही. चैतूनंही अर्ज केला होता. वनखात्यातल्या एका ओळखीच्या कारकुनानं मला सहज सांगितलं, "मडावीचं काही झालं नसतं हो. तालुक्याची यादी मागवली होती, तुमचाच शेरा होता नं कागदात." सहज म्हणाला. मी चहा पीत होतो. कप पुरा केला.

वासाची रांग मी बंद केली. कारण कोणाला सांगितलं नाही. वह्याही बंद केल्या. माझ्या शिकवण्यातून दूध-सफरचंद गेलं आणि ज्वारी, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी, मोहाचा लाडू आले. पुढं एका शिबिरात मला याच आहारावर बोलायला बोलावलं. टाळ्या पडल्या. मोहाच्या लाडवावर मी याच दिवाळी अंकात मागं दोनदा लिहिलं आहे, आणि सर्वांत जास्त पत्रं त्यावरच आली. एका बाईंनी लिहिलं होतं, 'सर, तुमचा लाडू मुलीला फार आवडला.' तो लाडू माझा नाही. रुक्मीबाईचा आहे. तिचं नाव मी कुठंच लिहिलं नव्हतं, कारण नाव लिहिलं की ती मला कशी भेटली हे सांगावं लागलं असतं.

चैतू त्यानंतर पळायला आला नाही. रस्त्यात दिसला की ओंडक्याखालून मान वाकडी करून "जोहार, गुरुजी" म्हणायचा. त्याच्या आवाजात राग आहे का, हे मी दरवेळी शोधायचो. सवयच तशी. सापडला नाही. मग मला त्याचाही संशय यायचा, की हा मुद्दाम गोड बोलतोय.

शेवटचा भेटला तो आलापल्लीच्या स्टँडवर, पाचेक वर्षांपूर्वी. मी एका लग्नाहून परतत होतो. केस पांढरे, पाठ वाकलेली, पण चाल तीच, पायाचा आवाज नाही. त्यानंच ओळखलं. माझी पिशवी हातातून घेतली आणि बाकावर जागा करून दिली.

"गुडघे कसे हायेत, गुरुजी?"

"चालतात. तू?"

"बरा हाय. पोरगा घुग्घुसले ट्रक चालवते. सून चांगली हाय. बाई गेली माही, रुक्मी. दोन साल झाले."

मी वाक्य जुळवत होतो. इतकी वर्षं जुळवलेलं होतं, पण आता शब्द पुढंमागं होत होते. एवढ्यात तोच बोलला.

"एक विचारू का गुरुजी? तुमी तं शिकलेले. मी गार्डचा फॉर्म भरला होता. पळण्यात पह्यला आलो होतो तिथी. सायबानं टायमाचं घड्याळ दोनदा पाह्यलं. मंग यादीत नाव नाई. काऊन नसन?"

मी समोरच्या गाड्यांच्या पाट्या वाचत राहिलो.

"मले वाटते, छाती कमी भरली असन माही," तो म्हणाला. "तेव्हा लई बारीक होतो नं मी."

त्याला ठाऊकच नव्हतं. शर्यतीतून काढलं ते ठाऊक होतं. पण कागद, शेरा, सही यातलं काहीच त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पस्तीस वर्षं तो आपल्या छातीला दोष देत होता. आणि मी त्याच्या शेजारी, तोंड उघडून बसलेलो.

"असेल," मी म्हणालो. "तेव्हा मापं फार कडक असायची."

"हो नं," तो म्हणाला, आणि त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं. त्याची गाडी लागली. जाताना माझी पिशवी बाकावर नीट ठेवली, "जोहार" म्हणाला.

गेल्या पावसाळ्यात सुधाकरनं फोन करून सांगितलं की चैतू गेला. त्याच्या मुलाचा पत्ता माझ्याकडे आहे. हा अंक मी त्याला पाठवीन, आणि तो वाचेल की नाही ते मला माहीत नाही. आलापल्लीच्या बाकावर 'असेल' म्हणण्याऐवजी जे म्हणायचं होतं ते असं:

चैतू, तुझी छाती पुरेशी भरली होती. तू त्या दिवशी प्यायला नव्हतास. मी कागदावर खोटं लिहिलं, आणि ते खोटं आहे हे कळल्यावरही तसंच राहू दिलं. मला माफ कर.